कोतवाल आणि परदेशी वाटसरू

बीबीसारख्या गावात कोतवाल म्हटलं की दवंडी देणारा, तलाठ्याचा निरोप घरोघर पोचवणारा माणूस आठवतो. मोगलाईत मात्र कोतवाल हा शहराचा बडा अंमलदार असे. रात्रीची गस्त, चोरांचा तपास, परक्यांवर नजर, सगळं त्याच्याकडे. म्हणून त्या काळच्या परदेशी वाटसरूंच्या प्रवासवर्णनांत कोतवाल हमखास भेटतो.

तेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी १६६६ च्या जानेवारीत सुरतेला उतरला. सुरत हे मोगलांचं भरभराटीचं बंदर. दोनच वर्षांपूर्वी, १६६४ साली, शिवाजी महाराजांनी ते लुटलं, तेव्हा तिथला अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता.

तेव्हनो सांगतो की, शहरात चोरी झाली तर तिची जबाबदारी कोतवालावर असे. ऐकायला किती छान! पण प्रत्यक्षात काय झालं? मिनास नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याची मोठी रक्कम चोरीला गेली. त्याचे दोन गुलामही नाहीसे झाले. तपास लागेना. व्यापारी भरपाई मागू लागला. तेव्हा कोतवालाने हाकिमाकडे परवानगी मागितली की, चोरी खरोखर झाली का हे कळण्यासाठी नोकरांबरोबर खुद्द व्यापाऱ्यालाही यातना देऊन पाहाव्यात. परवानगी मिळाली! बिचाऱ्याने फिर्यादच सोडून दिली.

शहराबाहेरच्या रस्त्यांची जबाबदारी फौजदाराची. व्हेनिसचा मनुची लिहितो की, वाटसरू दिवसा लुटला गेला तर फौजदाराने भरपाई द्यावी. रात्री लुटला गेला तर चूक त्याचीच, वेळेवर मुक्काम का केला नाही!

आपल्या मराठी मुलखातल्या खेड्यांतही अशीच रीत होती. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. माग शिवेपार गेला, की जबाबदारी पुढच्या गावावर. माग लागलाच नाही तर भरपाई त्याच्या माथी. पण गावात पाहुणा कोणाकडचा, हे सगळ्यांना ठाऊक असे. त्याच्या बाजूने बोलणारं कोणीतरी निघे. सुरतेत मिनासच्या बाजूने कोण बोलणार?

गुरुजींनी ही हकीगत वर्गात जरूर सांगावी. चोर तर सगळ्याच मुलखांत असतात, हे वाटसरूलाही कळतं. चोरी झाल्यावर आपली दाद कोण घेतो, यावरून तो शहराची पारख करतो. मुंबईत उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याचं आजही तसंच आहे, आणि लोणारचं सरोवर पाहायला आपल्या भागात येणाऱ्याचंही.