बंडीवरचे घर: नागपूरहून जंगलाकडे निघालेले तंबू आणि ते वाहणारी माणसे

हिवाळा लागला की नागपूरकरांच्या गाड्या उत्तरेला सिवनीच्या रस्त्याने पेंचकडे, नाहीतर दक्षिणेला चंद्रपूरच्या वाटेने ताडोब्याकडे वळू लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून स्वयंपाकघर, बिछाना आणि न्हाणीघर चाकांवर घेऊन निघण्याची कल्पनाही फारशी परकी राहिलेली नाही. मात्र चाकांवर संसार लादून जंगलात मुक्काम टाकण्याची रीत नागपुराला दीडशे वर्षांहून जुनी आहे. तेव्हाच्या इंजिनाला शिंगे होती, आणि गाडी बहुधा दुसऱ्याची असे. त्या प्रवासाच्या तयारीचा हा इतिहास. #थ्रेड

आरंभ शब्दांपासून करावा. डेरा, राहुटी, कनात, शामियाना, मुक्काम, पडाव, छावणी: फिरत्या घरासाठी मराठीत शब्दांची उणीव कधीच नव्हती. यांतले कित्येक शब्द मोगली तळातून आले. अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त बादशाही तळ हलवण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत, असा हिशोब आहे. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात तो राहत असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरलेल्या बर्निए या फ्रेंच प्रवाशाने त्याचे वर्णन करून ठेवले आहे.

मराठ्यांची सुरुवातीची ख्याती नेमकी उलट होती: हलके सामान, वेगवान घोडा. पुढे मराठी छावणीही जड झाली आणि १७६१ मध्ये पानिपतावर बाजारबुणग्यांचा तो भार किती महाग पडला, हे सर्वश्रुत आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी मात्र धडा मोगलांकडून घेतला. दोन संचांची युक्ती त्यांनी जशीच्या तशी उचलली.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, त्यांना औरस वारस नव्हता, आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला व नागपूर त्याची राजधानी झाले. सातपुड्याच्या रांगा, मंडल्याचे साग-सालीचे रान, चांद्याच्या जमीनदाऱ्या असा अफाट मुलूख, आणि रेल्वे अजून यायची होती. ती नागपुरात पोहोचली १८६७ मध्ये. जमिनीची मोजणी, महसुलाची आकारणी, जंगलाची हद्द ठरवणे ही कामे कचेरीत बसून होणारी नव्हती. म्हणून पाऊस सरला की कचेरीच उठून बाहेर पडे. साहेब, मडमबाई, मुले, कारकून, चपराशी, घोडे, कोंबड्यांचे खुराडे, दुधासाठी शेळी आणि अर्जांची दप्तरे असा सगळा लवाजमा नोव्हेंबरपासून फाल्गुनाच्या आसपासपर्यंत गावोगाव फिरत असे. हाच तो 'दौरा'. मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी वाचताना या शब्दामागचे तंबू आता कुणाला दिसत नाहीत.

हंगाम पाळणे ही हौसेची बाब नव्हती. नागपुरात १८४५ पासून राहणारे स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने अशाच भटकंतीत गोंडांची भाषा आणि गाणी टिपली होती. सप्टेंबर १८६३ मध्ये ते चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर बोरीजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले. परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे टिपणवजा लेखन टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या मुलखात पूल नाहीत, तिथे भाद्रपदातला ओढा वाघापेक्षा घातक असतो.

आता तयारीचा तपशील. बैलगाडीचा वेग ताशी दोन-अडीच मैल, म्हणून एका दिवसाची मजल दहा-बारा मैलांची. मुक्कामाला शक्यतो अमराई निवडत, कारण सावली आणि विहीर दोन्ही तिथे मिळे. रात्रीच्या जेवणानंतर एक तंबू मोडून बंड्यांवर चढवला जाई. बंड्या रात्रभर चालत आणि सकाळी साहेब घोड्यावरून पोहोचेपर्यंत नव्या जागी तंबू उभा असे. कनाती ठोकल्या जात, टेबल मांडले जाई, चहाचे पाणी उकळलेले असे. तंबू उभारणाऱ्या माणसांना खलाशी म्हणत. हा शब्द आज समुद्रापुरता उरला आहे, पण समुद्रापासून शेकडो मैल आत, सातपुड्याच्या पायथ्याशीही खलाशी होते.

या जीवनावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले. जेम्स फॉर्सिथ १८६२ मध्ये जंगलपाहणीसाठी पचमढीच्या पठारावर गेला आणि तिथे त्याने 'बायसन लॉज' हे घर उभारले. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये आले, आणि त्याच वर्षी तो वारला. रॉबर्ट स्टर्नडेल याने तर १८७७ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच सिवनी आणि 'तळावरचे जीवन' हे दोन्ही घातले. रुडयार्ड किपलिंगने सिवनी कधी पाहिले नव्हते. 'जंगल बुक'साठी त्याला ज्या पुस्तकांची मदत झाली, त्यांत स्टर्नडेलचे हे पुस्तक होते. म्हणजे मोगलीच्या जंगलाचा रस्ता काही अंशी एका अधिकाऱ्याच्या तंबूतून जातो.

ही पुस्तके वाचनीय आहेत, त्यांतले निरीक्षण बारीक आहे. मात्र बंडी कुणाची होती, हा प्रश्न त्यांत अपवादानेच येतो.

बंडी शेतकऱ्याची होती. दौरा निघण्याआधी मालगुजाराकडे किंवा पाटलाकडे हुकूम जाई: अमुक तारखेला इतक्या बंड्या, इतके गवत, इतके सरपण, दूध, अंडी, कोंबड्या, मडकी. या पुरवठ्याला 'रसद' म्हणत आणि फुकट किंवा नाममात्र मोबदल्यावर घेतलेल्या श्रमाला 'बेगार'. मराठीत तिचे जुने नाव 'वेठ'. 'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार आज संपाच्या बातम्यांत सर्रास वापरला जातो, पण त्याचा मूळ अर्थ शब्दशः हा होता: माणूस आणि बैल धरून नेणे.

आणि वेळ कोणती? अधिकाऱ्याला सुखाची थंडी म्हणजे शेतकऱ्याची ऐन घाई. नागपूर-वर्ध्याकडे कापसाची वेचणी, भंडाऱ्याकडे धानाची मळणी, मग ज्वारीची कापणी. बैलजोडी तीन दिवस तंबू ओढायला गेली की खळे तीन दिवस थांबे. दर ठरलेले असत, हे खरे. परंतु साहेबाच्या हातातून निघालेला पैसा चपराशी, जमादार, गावकामगार अशा हातांतून खाली येई आणि वाटेत झिरपून जाई. एखादा सज्जन अधिकारी स्वतः समोर बसून पैसे वाटत असे. पण त्याचा सज्जनपणा पुढच्या मुक्कामी त्याच्याबरोबरच निघून जाई, पद्धत मागे राही. सरकारी कामगारांच्या हातून शेतकरी कसा नागवला जातो आणि जंगलखात्याने त्याची चराई कशी आवळली, हे जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मुंबई इलाख्याविषयी लिहिले. मध्य प्रांतात चित्र फार वेगळे नव्हते.

जंगलात हे ओझे दुहेरी झाले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले घट्ट केली. वणवा विझवणे, रस्ते साफ करणे, लाकूडतोड यांसाठी माणसे हवीत म्हणून खात्याने राखीव रानात वनग्रामे वसवली. तिथल्या गोंड-बैगांना जमीन कसायला मिळे ती खात्याला श्रम देण्याच्या अटीवर, आणि मालकी कधीच नाही. शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, त्यांचे मुदतीचे परवाने निघत. परवाना घेऊन आलेल्या पाहुण्याला हाका घालायला हाकारे लागत, मचाण बांधायला माणसे लागत. ज्याला स्वतःच्या रानात कुऱ्हाड चालवायला बंदी, तोच दुसऱ्याच्या शिकारीसाठी वाघाला उठवायला जाई.

याविरुद्ध उठाव झाले. मध्य प्रांताच्या देखरेखीखालच्या बस्तर संस्थानात १९१० साली 'भूमकाल' पेटला. जंगल राखीव करणे आणि बेगार ही त्याची प्रमुख कारणे, आणि गुंडाधूर हे त्याचे गाजलेले नाव. दुसरी घटना दूर कुमाऊँच्या पहाडातली आहे, पण तिचा एक धागा नागपुरातून जातो. तिथे अधिकाऱ्यांचे आणि पर्यटकांचे सामान डोंगर चढवण्यासाठी 'कुली बेगार' सक्तीची होती व गावोगाव तिच्या नोंदवह्या ठेवल्या जात. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले, असहकाराचा ठराव इथेच पक्का झाला. त्या मांडवात बद्रीदत्त पांडे आणि कुमाऊँचे इतर कार्यकर्तेही होते. ते परतले, आणि काही आठवड्यांतच, जानेवारी १९२१ च्या मकरसंक्रांतीला, बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकांनी बेगारीच्या वह्या शरयू नदीत फेकून दिल्या. सामान वाहायला माणूस मिळेना, तेव्हा सरकारला ती प्रथा सोडावी लागली.

जगात इतरत्र याच काळात चाकांवरचे घर हा शौक होत होता. १८८५ मध्ये इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टरने केवळ सहलीसाठी घोड्यांनी ओढायची 'वाँडरर' ही घरगाडी बांधवून घेतली. तिच्याबरोबरही गाडीवान आणि नोकर होतेच. अमेरिकेत १९१० पासून मोटारीवर बेतलेली घरे विकायला येऊ लागली आणि १९१५ मध्ये यलोस्टोनचे दरवाजे मोटारींना उघडले. तिथली राष्ट्रीय उद्याने 'निर्मनुष्य निसर्ग' म्हणून मिरवली गेली. योसेमिटीच्या खोऱ्यात मात्र १८५१ मध्येच सशस्त्र तुकडी घालून मूळ रहिवाशांना हुसकावले होते.

स्वातंत्र्यानंतर नागपूर काही वर्षे मध्य प्रदेशाची राजधानी होते. ही गोष्ट मराठी वाचकांच्याही स्मरणातून निसटते. १९५५ मध्ये कान्हा आणि ताडोबा ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने झाली, ती त्याच नागपुरातून चालणाऱ्या शासनाच्या काळात. पुढच्याच वर्षी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि दोन उद्याने दोन राज्यांत गेली. पेंचचा महाराष्ट्रातला भाग १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला.

संरक्षण गरजेचे होते, यात शंका नको. कान्ह्याचे कठीण भूमीवरचे बारशिंगे १९७० च्या सुमारास अवघे ६६ उरले होते, आणि ते वाचले ते याच बंदोबस्तामुळे. पण कान्ह्यातली गावे १९६९ पासून उठवली जाऊ लागली. ताडोब्यातली बोटेझरी, कोळसा, नवेगाव ही गावे त्यानंतर कित्येक वर्षांनी हलली. ज्यांच्या आजोबांनी वनखात्याच्या बंड्या हाकल्या, त्यांच्यापैकी अनेकांवर या वेळी स्वतःचाच संसार गाडीत भरण्याची पाळी आली.

आजचा प्रवासी कॅराव्हॅन घेऊन सिल्लारी किंवा खुर्सापारच्या फाटकाशी पोहोचला, तरी ते घर बाहेरच राहते. आत जायचे ते नोंदणीकृत जिप्सीतून, ठरलेल्या वेळेत, स्थानिक मार्गदर्शकाला बरोबर घेऊन आणि त्याचे ठरलेले शुल्क भरून. तो मार्गदर्शक पुष्कळदा लगतच्या गावचाच असतो. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. हिस्लॉप यांचा ओढा आठवला तर तेही योग्यच वाटते.

ताडोबा हे नाव तारू या देवावरून पडले, असे सांगतात. तारू हा गोंडांचा प्रमुख, वाघाशी झुंजताना पडला आणि देव झाला, अशी कथा आहे. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे गोंडांची जत्रा भरत आली आहे. मजल-दरमजल करत, आपल्याच बंडीत आपलाच शिधा घेऊन, झाडाखाली चूल मांडून करायचा तो मुक्काम होता. कोणत्याही साहेबाचा तंबू त्या तलावाकाठी लागण्याच्या कितीतरी आधीपासूनचा.