मराठी संख्यानामांचे अध्यापन

मराठी संख्यानामांचे अध्यापन हा प्राथमिक गणितशिक्षणातील एक मूलभूत विषय आहे. २१ ते ९९ या संख्यांपैकी बहुतेकांची मराठी नावे ज्या क्रमाने उच्चारली जातात, त्याच्या उलट क्रमाने त्या संख्या अंकांत लिहिल्या जातात. त्यामुळे पहिली-दुसरीतील मुलांचा गोंधळ होतो आणि गणिताची धास्ती पुष्कळदा येथूनच सुरू होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकामुळे या विषयावर महाराष्ट्रात जाहीर वाद झाला.

संख्यानामांचे स्वरूप

मराठी संख्यानामे संस्कृतातून प्राकृतमार्गे आली आहेत. या प्रवासात त्यांची झीज झाल्याने मूळ घटक सहज ओळखू येत नाहीत. ‘सदुसष्ट’ म्हणताना सात आधी व साठ नंतर येतात. लिहिताना मात्र ६ प्रथम येतो. ऐकल्याप्रमाणे लिहिणारे मूल म्हणूनच ७६ लिहिते. ही चूक निष्काळजीपणाची नसून तर्कशुद्ध आहे, हे शिक्षकाने ध्यानी घेणे अगत्याचे ठरते.

एकाच अंकाची रूपेही स्थिर नाहीत. सहा हा अंक सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट व शहात्तर या नावांत निरनिराळ्या वेशांत येतो. सत्तराचे ‘हत्तर’ होते, पन्नासाचे कधी ‘वन्न’ तर कधी ‘पन्न’. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक उणा. येथे कानावर तीस पडतात आणि कागदावर २ उमटवायचा असतो. एकोणीस ते एकोणनव्वद अशी ही आठ नावे एका साच्यातील आहेत, पण नव्व्याण्णव हा साचा मोडतो. हिंदी व गुजरातीतही अशीच स्थिती आहे. कन्नड, तेलुगू व तमिळमध्ये मात्र दशक आधी व एकक नंतर उच्चारला जातो.

२०१९चा वाद

दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘सदुसष्ट’सोबत ‘साठ सात’, ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन सुचवले होते. जोडाक्षरे टळावीत आणि उच्चार व लेखन यांचा क्रम जुळावा, हा त्यामागील हेतू होता. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. ‘गणितगप्पा’ व ‘गणिताच्या सोप्या वाटा’ या पुस्तकांतून त्यांनी मुलांसाठी गणित सुगम केले होते. पारंपरिक नावे रद्द केलेली नसून मुलांना एक सोपा पर्याय दिला आहे, अशी समितीची भूमिका होती. बदलाचे पडसाद विधानसभेत उमटले, समाजमाध्यमांवर थट्टाही झाली. थट्टेच्या गदारोळात सहा-सात वर्षांच्या मुलाची अडचण बरीचशी मागे पडली.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र वजनदार होता. मराठी पाढे पारंपरिक नावांच्या लयीवर उभे आहेत. ‘बारा सक बहात्तर’ ही ठेक्यातली ओळ ‘सत्तर दोन’ने अडखळते. शिवाय घरी व बाजारात जुनीच नावे चालत असताना मुलाला ती टाळता येणार नाहीत.

असा बदल अन्यत्रही झाला आहे. नॉर्वेत १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयाने ‘एक आणि वीस’ऐवजी ‘वीस एक’ या क्रमाचा अधिकृत स्वीकार झाला. तेथे निमित्त दूरध्वनी क्रमांक सांगताना होणाऱ्या घोटाळ्यांचे होते. जुनी पद्धत तेथील बोलीतून अद्याप पूर्णतः गेलेली नाही.

वर्गात व घरी

नाव कोणतेही स्वीकारले तरी संख्या आधी हाताला लागावी आणि नाव मागाहून यावे, हा क्रम उपयोगी ठरतो. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे व सात सुट्या काड्या मांडल्या, की ६७ म्हणजे काय हे मुलाला दिसते. त्यानंतर ‘साठ आणि सात, म्हणजे सदुसष्ट’ असे म्हणवून घेतल्यास दोन्ही नावे एकमेकांना आधार देतात. ६७च्या जागी ७६ लिहिणाऱ्या मुलाला दोन्ही संख्यांइतके चिंचोके शेजारी-शेजारी मांडू द्यावेत. लाल शाईच्या फुलीपेक्षा हे अधिक परिणामकारक असते. कागदी पट्ट्यांचाही चांगला उपयोग होतो. ६० लिहिलेल्या पट्टीतील शून्यावर ७ची पट्टी ठेवली, की ६७ तयार होते आणि शून्य कोठे गेले याचे मुलांना मोठे कुतूहल वाटते.

पालकांना यासाठी वेगळे साहित्य आणावे लागत नाही. दहाच्या नोटा व रुपयाची नाणी, बसचे क्रमांक, सापशिडीचा पट एवढे पुरते. १ ते १०० मधील मनात धरलेली संख्या ‘पन्नासपेक्षा मोठी आहे का?’ अशा प्रश्नांनी ओळखण्याचा खेळ मुलांना विशेष आवडतो. दर वेळी उरलेल्या संख्यांचे निम्मे भाग पाडत गेल्यास सात प्रश्नांत उत्तर हमखास सापडते. एवढ्याच प्रश्नांत ते का सापडते, हे थोड्या मोठ्या मुलांना शोधू द्यावे. एकोणीस-एकोणतीसचा साचा कोठे मोडतो, हेही मुलांनीच हुडकून काढण्याजोगे आहे.

सेमी-इंग्रजी शाळांतील मुलांपुढे आणखी एक पेच असतो. शाळेत ‘सिक्स्टी सेव्हन’ आणि घरी आजीच्या तोंडी ‘सदुसष्ट’, अशा परस्परविरुद्ध क्रमांची नावे त्यांच्या कानांवर पडतात. अशा घरांत मराठी संख्यानामे बहुधा पाढ्यांपुरती आणि वाढदिवस, भाव, वय यांच्या बोलण्यात टिकून आहेत.