फळबागांची राखण : पाखरे शिकतात, उपायही बदलावे लागतात

जानेवारी उजाडला, की नाशिक आणि सांगली जिल्ह्यांतील द्राक्षांच्या मण्यांत गोडी उतरू लागते आणि ती ग्राहकाच्या आधी पाखरांना कळते. चोच लागलेल्या एका मण्यातील रस शेजारच्या मण्यांवर पसरतो. त्यावर मुंग्या व गांधीलमाश्या येतात, बुरशी धरते आणि पाहता पाहता संपूर्ण घड खराब होतो. पाखराने खाल्लेले थोडे आणि शेतकऱ्याने गमावलेले फार, असा हा व्यवहार आहे. डाळिंब आणि पेरूच्या बागांतही हेच घडते.

नुकसान कोणाचे?

उपाय योजण्यापूर्वी चोर ओळखणे आवश्यक असते. पोपट थव्याने येतात, फळ कुरतडतात आणि बरेचसे तसेच खाली टाकून दुसऱ्याकडे वळतात. त्यामुळे ते खातात त्याहून नासाडी अधिक करतात. बुलबुल आणि साळुंक्या पिकलेल्या फळाला टोची मारतात. डाळिंबावर सुईने टोचल्यासारखे बारीक छिद्र दिसले, तर तो रात्री येणाऱ्या रसशोषक पतंगाचा उद्योग असू शकतो. वटवाघळेही रात्रीच येतात. तेथे दिवसा केलेली राखण व्यर्थ ठरते.

भीती किती दिवस टिकते?

मचाणावर बसून गोफण फिरवणे, पत्र्याचा डबा बडवणे आणि बुजगावणे उभे करणे हे राखणीचे पिढीजात मार्ग आहेत. त्यांत फटाके, वायूच्या तोफा आणि संकटात सापडलेल्या पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रित हाका यांची भर पडली. या सर्वांची मर्यादा एकच आहे. आवाज मोठा असला तरी त्यामागे खरा धोका नाही, हे पाखरांना काही दिवसांतच उमगते. बुजगावण्याच्या खांद्यावर निवांत बसलेला कावळा अनेकांनी पाहिला असेल.

चकाकणारी फीत तुलनेने स्वस्त आहे. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी असलेली ही फीत पीळ देऊन दोन खांबांच्या मध्ये बांधतात. उन्हात ती लखलखते आणि वाऱ्याने घुमते. मात्र तीही सवयीची होते. म्हणून भीती दाखवणारी साधने फळे पिकू लागण्याच्या सुमारास, थव्याला बागेची चटक लागण्यापूर्वीच लावावीत. त्यांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी आणि प्रकारही आलटून पालटून वापरावेत. सकाळी उजाडल्यानंतरचे आणि सायंकाळी मावळतीपूर्वीचे काही तास पाखरांच्या चरण्याचे असतात. माणसाची राखण याच वेळी सर्वाधिक उपयोगी पडते.

तिखटाचा उपयोग नाही

काही जण फळांवर मिरचीचे पाणी फवारण्याचा सल्ला देतात. माणसासह सस्तन प्राण्यांना झोंबणारे मिरचीतील द्रव्य पक्ष्यांना मात्र जाणवत नाही. पोपट हिरवी मिरची चवीने खातो, त्याचे कारण हेच आहे. याउलट, कॉनकॉर्ड जातीच्या द्राक्षांत आढळणारे मिथाइल अँथ्रॅनिलेट हे सुवासिक द्रव्य माणसाला आवडते, पण पक्ष्यांना झोंबते. त्यापासून पक्षी दूर ठेवणारी फवारणीची द्रव्ये परदेशात तयार झाली आहेत. परंतु पावसाने त्यांचा प्रभाव ओसरतो, शिवाय काढणीच्या तोंडावर कोणतीही फवारणी करताना परवानगी आणि अवशेष या दोहोंचा विचार करावा लागतो.

खात्रीचा अडसर

पाखरू आणि फळ यांच्यामध्ये अडसर उभा करणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग होय. पेरू, डाळिंब यांसारखी मोठी फळे झाडावरच कागदी वा कापडी पिशवीत झाकता येतात. त्याने ऊन आणि किडींपासूनही संरक्षण मिळते, मात्र मजुरी वाढते. द्राक्षांसाठी संपूर्ण बागेवर जाळी पसरणे परिणामकारक ठरते. हा खर्च मोठा असल्याने एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पक्षीरोधक जाळीसाठी ५० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली होती.

जाळी चुकीची लावली, तर मात्र ती फास बनते. सैल सोडलेल्या बारीक नायलॉनच्या जाळीत बुलबुल, घुबडे, वटवाघळे आणि धामणीदेखील अडकून तडफडतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने घरगुती फळझाडांवरील जाळीबाबत १ सप्टेंबर २०२१ पासून नियम लागू केला. पूर्ण ताणलेल्या जाळीचे छिद्र ५ मिलिमीटरहून मोठे असता कामा नये, असे तो सांगतो. बोट आरपार जात असेल तर ती जाळी धोक्याची, ही त्याची सोपी कसोटी. गच्चीवर अंजीर वा परसात पेरू जोपासणाऱ्या शहरवासीयांनीही ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जाळी सहज दिसेल अशी, शक्यतो पांढरी असावी. ती सांगाड्यावर ताणून बसवावी, जमिनीलगत मोकळी ठेवू नये आणि सकाळ-संध्याकाळ तपासावी.

मारणे हा उपाय नव्हे

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये पोपटाला पकडणे, मारणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. कायद्याइतकेच व्यवहाराचे कारणही महत्त्वाचे आहे. हंगामात द्राक्षावर ताव मारणारे बुलबुल आणि साळुंक्या आपल्या पिलांना किडे व अळ्या भरवतात. चीनने १९५८ मध्ये धान्य खातात म्हणून चिमण्या संपवण्याची मोहीम काढली. परिणामी पिकांवरील कीड वाढली आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव त्या यादीतून वगळावे लागले.

फळबागेला पाखरांपासून वर्षभर नव्हे, तर फळे पिकण्याच्या मोजक्या आठवड्यांत वाचवायचे असते. तेवढ्या काळापुरता फळांवर पडदा टाकावा, तो शक्य नसेल तेथे राखणीचे मार्ग बदलत राहावे. उरलेल्या दिवसांत तीच पाखरे बागेतील किडी टिपत असतात.