टोळ मधल्या काळात असतात कुठे?

आजचा भाग एका कीटकाचा आणि त्याने माणसाला हजारो वर्षं कसं चकवलं, याचा.

आपल्याकडे जुन्या ग्रंथांत राज्यावरच्या संकटांना ‘ईती’ म्हणत. अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, पोपट, शत्रूचं सैन्य आणि टोळ. ‘टोळधाड’ शब्दातली धाडही दरोडेखोरांचीच. पण दरोडेखोरांचा अड्डा तरी सापडतो. टोळ एके दिवशी आभाळ झाकत येतात आणि मग कित्येक वर्षं दिसतच नाहीत. मधल्या काळात असतात कुठे?

उत्तर मिळालं १९२१ मध्ये. बोरिस उवारोव्ह हा रशियन कीटकशास्त्रज्ञ काकेशसजवळ स्तावरोपोलला टोळांवर काम करायचा. तिथे दोन ‘वेगळ्या’ जाती होत्या. थव्याने फिरणारी लोकस्टा मायग्रेटोरिया आणि एकटी राहणारी, निरुपद्रवी लोकस्टा डॅनिका. पण एकीची पिल्लं दुसरीसारखी निघताना दिसली. लंडनला गेल्यावर त्याने मांडलं की या दोन जाती नाहीतच. एकाच प्राण्याच्या दोन अवस्था आहेत. म्हणजे टोळ कुठे जात नव्हते. ते साधे नाकतोडे बनून आपल्यासमोरच बसले होते!

हे असं का? वाळवंटी टोळाचं बघा. त्याच्या मुलखात पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही. म्हणून एरवी तो मातकट रंगाचा, एकलकोंडा, रात्री उडणारा. पाऊस पडला की मादी पोटाचं टोक ओल्या वाळूत खुपसून अंडी घालते आणि वर फेसाचं बूच लावते. तीन महिन्यांत पुढची पिढी, साधारण वीसपट. मग हिरवळ सुकते, उरलेल्या चार झुडपांवर सगळे गोळा होतात आणि मागचे पाय एकमेकांना घासायला लागतात. तेवढं पुरतं. मज्जासंस्थेत सेरोटोनिन वाढतं आणि दोनेक तासांत एकमेकांना टाळणारे एकमेकांकडे ओढले जातात. हे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. रंग मात्र सावकाश, कात टाकताना आणि पुढच्या पिढ्यांत बदलतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तेच, फक्त मोड बदलला.

उवारोव्हच्या शोधाने लढाईची जागाच बदलली. थवा आल्यावर थाळ्या बडवण्यापेक्षा, तो बनण्याआधी वाळवंटात नजर ठेवायची. भारतात टोळ इशारा संघटना १९३९ मध्ये सुरू झाली, ती याचसाठी.

आणि नजर चुकली की काय होतं? २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांनी अरबस्तानातल्या ओसाड रुब अल् खालीत पाऊस पाडला. तिथे बघायला कोणी नव्हतं. नऊ महिने, तीन पिढ्या. वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजारपट. पुढे येमेनमध्ये युद्ध, त्यामुळे तिथेही फवारणी नीट झाली नाही. मग पूर्व आफ्रिका, इराण, पाकिस्तान, राजस्थान, मध्य प्रदेश, आणि मे २०२० मध्ये थवे थेट अमरावती-नागपूरच्या संत्रापट्ट्यात.

वरुड-काटोलच्या शेतकऱ्याला तेव्हा ते आभाळातून पडल्यासारखेच वाटले असणार. पण त्या धाडीची तयारी दोन वर्षं आधी, हजारो किलोमीटर दूर, ओल्या वाळूत सुरू झाली होती. म्हणून पीक वाचवायचं तर टोळ एकटा आणि गरीब दिसतो, तेव्हाच त्याच्याकडे बघायला हवं. थवा दिसला म्हणजे उशीर झालेला असतो.