रागाची मुदत

आपल्यात एखादी बाई मोठ्यानं बोलली की लगेच तिला रागीट ठरवतात. तीच संध्याकाळी जावेला आग्रहानं वाढते, हे कुणी मोजत नाही. उलट जमिनीच्या वाटणीवरून दोघा भावांत वीस वर्षं बोलणं नसतं, पण बस्तीत दोघं गप्पपणे पूजेला बसतात. त्यांना आपण शांत स्वभावाचे म्हणतो. शास्त्रकारांनी मात्र राग आवाजावरून मोजला नाही, किती दिवस टिकला यावरून मोजला.

दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी प्राकृतात गोम्मटसार रचलं, ते चामुंडरायासाठी. हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती त्यानंच उभी केली. लढाया केलेल्या माणसासाठी क्रोधाचा इतका बारीक हिशेब लिहिला जावा, हे मला फार बोलकं वाटतं.

या ग्रंथात क्रोधाच्या चार रेघा आहेत : दगडावरची, भुईच्या भेगेची, धुळीतली आणि पाण्यावरची. लोभाचे रंगही चार : किरमिजी, गाडीच्या चाकाचं वंगण, अंगाचा मळ आणि हळद. हे वाचताना वाटतं, आचार्यांनी धुणं धुणाऱ्या बाईलाच विचारलं असावं! हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडतो. वंगणाचं लुगडं कायमचं गेलं.

पुढे कर्मकांडात कषायांची मुदतच दिली आहे. संज्वलन कषाय अंतर्मुहूर्ताचा, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतला. प्रत्याख्यानावरण १५ दिवसांचा, अप्रत्याख्यानावरण ६ महिन्यांचा. त्यापलीकडचा तो अनंतानुबंधी, भवामागून भव चालणारा. या मुदतीला शब्द आहे वासनाकाळ. इथे वासना म्हणजे मनात मुरलेला संस्कार. तोंडावर राग दिसत नाही, माणूस जेवतो, हसतो, पण आत ते तसंच असतं, तेही मोजायचं.

आणि हे नुसतं वर्गीकरण नाही. १५ दिवसांचा राग धरणारा श्रावक राहू शकतो, पण त्याला मुनिव्रत झेपत नाही. ६ महिन्यांचा धरला तर अणुव्रतंसुद्धा नाहीत. त्यापुढे सम्यक्त्वच उरत नाही, मग अभिषेकाची बोली कितीही मोठी लावा. डार्विननं १८७२ साली भावनांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यानं चेहरे आणि स्नायू न्याहाळले. तेही मोलाचंच, पण गप्प बसणाऱ्याचा राग चेहऱ्यावर कुठून सापडणार?

दशलक्षणात पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आणि पर्व संपल्यावर भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. तेव्हा आपण ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना हात जोडतो. पण ६ महिने मागे मोजून बघा, होळीचा दुसरा दिवस येतो. त्याच्या आधी जिच्याशी भांडण झालं, तिच्या दारात क्षमावाणीपर्यंत थांबून गेलं तर मुदत टळलेली असते. प्रतिक्रमण दर पक्षाला सांगितलं आहे, ते यासाठीच असावं असं मला वाटतं.