बावरीचे शिष्य आणि गोदावरीकाठचा धम्म

राणीसावरगाव ज्या गंगाखेड तालुक्यात आहे, त्या तालुक्याचे ठाणे गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसले आहे. येथील लोक या नदीला गंगाच म्हणतात. या भागात धम्म केव्हा आला असे विचारल्यास सामान्यतः १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेकडे बोट दाखविले जाते. आजच्या बौद्ध समाजापुरते ते योग्यच आहे. परंतु या नदीचे नाव प्रत्यक्ष पाली तिपिटकात आले आहे, हे आपल्या अनेक उपासकांना ठाऊक नसते.

सुत्तनिपाताच्या पारायणवग्गाची प्रस्तावना सांगते की, बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण अस्सक देशात, अळकाच्या सीमेलगत, गोदावरीकाठी राहत होता. यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या बावरीकडे एका याचकाने पाचशे नाणी मागितली. ती न मिळताच सातव्या दिवशी तुझे मस्तक फुटेल, असा शाप दिला. भयभीत बावरीने अजित, पुण्णक, मोघराज, पिंगिय आदी सोळा शिष्य तथागतांकडे पाठविले. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी, श्रावस्ती असा मार्ग आक्रमीत ते मगधात पोहोचले. शापाचे उत्तर तथागतांनी भलत्याच दिशेने दिले. अविद्या हेच मस्तक, आणि ते फोडते ती विद्या.

अस्सक म्हणजे अश्मक. त्याची राजधानी पोतन ही तेलंगणातील बोधन असावी, असे अनेक विद्वान मानतात. पैठण ते बोधन या पट्ट्यात परभणीचा गोदाकाठ येतो. एवढ्यावरून बावरीचा आश्रम आपल्याच गावाच्या शिवारात होता असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. प्राचीन निद्देस ग्रंथ सोळा प्रश्नांवर भाष्य करतो. प्रस्तावनेच्या गाथांवर करीत नाही. म्हणून ही प्रस्तावना मागाहून जोडली गेली असावी, हे मत मला ग्राह्य वाटते. प्रश्न मात्र निःसंशय जुने आहेत. अंगुत्तरनिकाय त्यांतील काहींचा नावानिशी उल्लेख करतो. नंदमाता ही उपासिका पहाटेपूर्वी उठून पारायण म्हणत असे, असेही तेथेच येते. (आपल्याकडे सप्ताहात ‘पारायण’ म्हणजे ग्रंथवाचन, पालीत अर्थ पैलतीरी जाणे.)

दगडावरचा पुरावा अधिक निश्चित आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यातील स्तंभावर पैठणच्या मितदेव या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान कोरले आहे. हा लेख इसवी सनापूर्वीचा मानतात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राने अश्मकराजाचा अमात्य भव्विराज याचे स्मरण केले आहे. तो लेख पाचव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे गोदाखोऱ्यातील व्यापारी आणि अश्मकाचा अमात्य, दोघांचीही नावे लेण्यांशी जोडलेली आहेत.

सोळा जणांत पिंगिय सर्वांत वृद्ध. दृष्टी मंदावलेली, कानांनी नीट ऐकू येत नसे. जन्म आणि जरा कशी सोडावी, एवढेच त्याने विचारले. तृष्णा सोड, हे उत्तर मिळाले. तो बावरीकडे परतला आणि देह थकल्यामुळे आता तथागतांकडे जाता येत नाही, परंतु मनाने रात्रंदिवस आपण त्यांच्याच सान्निध्यात असतो, असे त्याने आपल्या वृद्ध गुरूला सांगितले.