उचलणे आणि धरणे

भार वर नेणे ही एक गोष्ट आहे आणि वर नेलेला भार तेथेच धरून ठेवणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. पहिलीला बळ लागते, दुसरीला विश्वास लागतो. आणि हा विश्वास माणसाच्या मनगटावर ठेवावयाचा नसून लोखंडाच्या रचनेवर ठेवावयाचा असतो, एवढे समजण्यास मानवजातीला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

या इतिहासाचा विचार करण्यास भिलाईसारखे योग्य स्थळ शोधून सापडणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढण्याचा तो पहिला संकल्प होता. राजहऱ्याच्या डोंगरातील खनिज भट्टीत पडते तेथपासून तयार रूळ वाघिणीत ठेवला जातो तेथपर्यंत, या कारखान्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या यारीच्या आकड्याला लटकूनच पुढे जाते. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ते नाते तुटले आणि १ नोव्हेंबर २००० पासून हा प्रदेश छत्तीसगड राज्यात आला. पण भिलाईत मराठी घरे राहिली ती राहिलीच.

कारखान्याच्या भोवती जी वस्ती वाढली, तिच्यात हुडको नावाची एक वसाहत आहे. १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ते नाव. लोकांच्या तोंडी ते एखाद्या जुन्या गावासारखे बसून गेले आहे. भिलाईसारख्या नगरात ज्याचा जन्म यंत्रांच्या संगतीत गेला, तो गृहस्थ घरची मोटार दुसऱ्याच्या हाती सहसा देत नाही. घराच्या कडेला पत्र्याची एक पडवी असते, तिच्यात गाडी असते, आणि इंजिनातून निळसर धूर निघू लागला, की ते बाहेर काढून बोअर करण्याचा विचार मनात येतो. चार सिलिंडरांचे ते इंजिन शंभर ते दोनशे किलोंच्या घरातले. चार माणसे ते उचलतील, पण अरुंद बोनेटमध्ये चार माणसांचे हात शिरत नाहीत. तेव्हा ते वरून ओढून काढणे भाग पडते, आणि आर्किमिडीजपासून चालत आलेला प्रश्न त्या पडवीत येऊन उभा राहतो: हे कशाला लटकवावयाचे, आणि लटकले म्हणजे तेथेच राहील याची शाश्वती काय?

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हा प्रश्न परका नव्हता. विहिरीवरच्या मोटेचा जाड नाडा चाकावरून जाई. बैल धावेवरून उताराने जात तशी भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. या व्यवस्थेत चाक फक्त ओढीची दिशा बदलते. भार सगळा बैलांच्या खांद्यावर असतो. बैल घसरला किंवा नाडा तुटला, तर मोट परत विहिरीत. उचलणारा आणि धरणारा एकच, आणि तो जिवंत प्राणी: प्राचीन काळच्या बहुतेक साऱ्या उचलयंत्रांचे हेच दुबळे अंग होते.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने हायरो राजासमोर माणसांनी आणि मालाने भरलेले गलबत अनेक कप्प्यांच्या साहाय्याने एकट्याने ओढून दाखविले, अशी कथा प्लूटार्कने सांगितली आहे. कथेतला अतिशयोक्तीचा भाग सोडला, तरी तत्त्व खरे आहे. कप्प्या वाढविल्या की बळ कमी लागते, पण दोर तितकाच अधिक ओढावा लागतो. निसर्ग उधार देतो, फुकट देत नाही. मात्र या हिशेबात एक प्रश्न सुटत नव्हता. दोर हातातून निसटला तर? सोपेपणाने वर गेलेला भार तितक्याच सोपेपणाने खाली येतो.

त्याचा दाहक अनुभव १८५७ साली लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी आला. ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेली ‘ग्रेट ईस्टर्न’ ही २११ मीटर लांबीची आगबोट पाण्यात सोडावयाची होती. ३ नोव्हेंबर रोजी पहिला प्रयत्न झाला. सुमारे बारा हजार टनांचे ते धूड अकस्मात सरकले, त्याला आवरण्यासाठी बसविलेल्या साखळीच्या रहाटाचे दांडे उलटे गरगरा फिरले आणि त्यांवर हात ठेवून उभी असलेली माणसे दूर फेकली गेली. जीवितहानी झाली. बळाची उणीव तेथे नव्हती. उलट फिरणाऱ्या रहाटाला वेळीच आवर बसला नाही. पुढे बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंचे पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक आणून ती बोट तसूतसूने ढकलण्यात आली, आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी ती तरंगली. हीच आगबोट १८७० साली मुंबईच्या बंदरात आली आणि मुंबईपासून एडनपर्यंतची समुद्रतळाची तार तिनेच घातली.

त्यानंतर लवकरच, १८५९ च्या सुमारास, थॉमस वेस्टन या इंग्रज यंत्रज्ञाने आपल्या कप्पीचे एकस्व घेतले. तिची रचना लहान मुलालाही समजावी इतकी साधी आहे. वर एकाच आसावर दोन चाके घट्ट जोडलेली. एक किंचित मोठे, दुसरे किंचित लहान. दोन्हींवरून एकच अखंड साखळी जाते. मोठ्या चाकाला दहा खाचा आणि लहानाला नऊ असतील, तर वीस मीटर साखळी ओढावी तेव्हा भार एक मीटर वर येतो. हिशेबाने दीडशे किलोंसाठी साडेसात किलोंची ओढ पुरावी; प्रत्यक्षात तिच्या दुपटीहून अधिक लागते, कारण अर्ध्याहून जास्त श्रम साखळीच्या आणि चाकांच्या घर्षणात खर्ची पडतात.

हा तोटा वाटतो; पण वेस्टनच्या कप्पीचे सारे मोल या तोट्यातच आहे. यंत्रशास्त्राचा असा नियम आहे, की ज्या यंत्रात निम्म्याहून अधिक श्रम घर्षणात जातात, ते यंत्र भाराच्या ओढीने उलटे फिरू शकत नाही. साखळी हातातून सोडा, भार जेथे आहे तेथेच राहतो. दोन हजार वर्षे कारागीर घर्षणाला शत्रू समजून त्याला तेल घालीत आले. वेस्टनने त्याला पहारेकरी नेमले. पुढे दातेरी चाकांच्या चेन-पुल्या आल्या. त्यांत घर्षण कमी आणि वेग अधिक, म्हणून त्यांना स्वतंत्र ब्रेक लागला. तोही वेस्टनच्याच नावाने ओळखला जातो. त्यात लटकलेला भारच आपल्या ओढीने एक मळसूत्र आवळतो आणि चकत्या एकमेकींवर दाबतो. भार जितका जड, तितकी पकड घट्ट. भार चढविताना ऐकू येणारी ‘टक्, टक्’ ही त्या चेन-पुलीतील खुंटी दात्यांवरून पुढे सरकल्याची खूण आहे. प्रत्येक ‘टक्’बरोबर ती सांगत असते, की येथवर आले ते मागे जाणार नाही.

यंत्र सुधारले, पण यंत्राची काळजी न घेणाऱ्या माणसाला कोण सुधारणार? तेथे कायदा आला. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या गिरण्यांनाच लागू होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली, आणि १८९१ च्या दुरुस्तीने ही संख्या पन्नासवर आली. १९२२ साली ती वीस झाली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी ती दहावर आणली. या कायद्याचे एकोणतिसावे कलम केवळ उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांच्यासाठी होते. प्रत्येक साधन निर्दोष असावे, बारा महिन्यांतून निदान एकदा जाणत्या माणसाने ते बारकाईने तपासावे, किती भार सुरक्षितपणे पेलेल तो आकडा त्यावर स्पष्ट लिहावा आणि त्याहून अधिक भार त्यावर कधीही टाकू नये, अशा त्याच्या अटी होत्या. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला आणि कामगारांची ती संख्या पुन्हा वीसवर गेली.

शंभर, पन्नास, वीस, दहा आणि पुन्हा वीस. या पायऱ्या उतरत कायदा लहानसहान कारखान्यांपर्यंत आला. पण ज्या पडवीत एक गृहस्थ आणि त्याचा मुलगा असे दोघेच उभे आहेत, तेथे तो कधीच आला नाही आणि येणारही नाही. कारखान्यात ज्या माणसाच्या डोक्यावरच्या साखळीची दरवर्षी तपासणी होते, तोच माणूस रविवारी घरी आपल्या मुलाला तपासणी न झालेल्या दोराखाली उभा करतो. या विसंगतीला उत्तर एकच आहे. कायद्याची ती चार वाक्ये मनुष्याने स्वतःच आपल्या घरी लागू करावयाची.

ती लागू करणे अवघड नाही. पहिला प्रश्न टांगण्याच्या जागेचा. छतातला पंख्याचा आकडा पंख्यासाठीच असतो, आणि पत्र्याच्या पडवीचा वासा किंवा बारीक नळीची कैची पत्र्यांचे वजन तोलण्यासाठी असते. मधोमध एका बिंदूवर दोनशे किलो घेण्यासाठी नव्हे. जुन्या तोफखान्यात तोफ गाड्यावर चढविण्यासाठी तिपाई उभारीत. आजही भक्कम तिपाई चालते, पण तिचे पाय फाकू पाहतात. म्हणून ते तळाशी साखळीने एकमेकांना बांधलेच पाहिजेत. चाकांवरची घडीची यारी आणली तर तिच्या दांड्यावरचे आकडे वाचावेत. दांडा आखूड असताना दोन टन पेलणारी यारी तो पुरता लांबविल्यावर बहुधा अर्धा टनच पेलते. शिवाय तेलाच्या दाबावर उभा असलेला भार एखादा रबरी वायसर फाटला, की हळूहळू खाली येतो. म्हणून जॅकवर किंवा यारीवर तोललेल्या वस्तूखाली अंग घालणे कधीही क्षम्य नाही. आधाराला घोडी हवीच.

दुसरा प्रश्न बांधण्याचा. गाठ मारली की दोराचे बळ निम्म्याच्या आसपास उतरते, आणि तेलाने किंवा उन्हाने खाल्लेला दोर वरून धडधाकट दिसतो. साखळी हवी ती भार उचलण्यासाठी बनविलेलीच. गुरे बांधण्याची किंवा फाटकाची नव्हे. दोन पदरांची साखळी आकड्यापाशी साठ अंशांचा कोन करील, तर प्रत्येक पदरावर भाराचे साधारण अठ्ठावन्न टक्के येतात. कोन एकशेवीस अंशांचा झाला, तर प्रत्येक पदरावर सबंध भार येतो. साखळी आखूड पडली म्हणून ती ताणून बसविणारा माणूस नकळत तिच्यावरचे ओझे जवळजवळ दुप्पट करीत असतो.

तिसरी गोष्ट साधनाची नाही, सवयीची आहे. साऱ्या बोल्ट, नळ्या आणि तारा सुटल्या आहेत असे वाटले, तरी इंजिन प्रथम बोटभरच उचलावे आणि थांबावे. साखळी सरळ आहे काय, आकड्याची जीभ मिटली आहे काय, एखादी विसरलेली तार ताणली गेली आहे काय, हे त्या विसाव्यात दिसते. नंतर ते बाहेर निघण्यापुरतेच वर न्यावे. अधांतरी इंजिन घेऊन फिरण्यापेक्षा त्याच्याखालून गाडी मागे ढकलावी आणि इंजिन लगेच खाली टेकवावे. हवेत लटकलेला भार कितीही शांत दिसला, तरी त्याचे काम संपलेले नसते.

सिराक्यूजच्या त्या कथेत राजाने आर्किमिडीजच्या बळाचे कौतुक केले. पण थेम्सच्या काठी माणसे मृत्युमुखी पडली तेव्हा बळ पुष्कळ होते. कमी होता तो आवर. भिलाईच्या भट्ट्यांवर वितळलेले पोलाद डोक्यावरून जात असते आणि खाली माणसे आपापले काम करीत असतात. त्यामागे हा आवर शिकण्याला लागलेली दोन सहस्रके उभी असतात. हुडकोतील एखाद्या पडवीत बोटभर उचललेले इंजिन घटकाभर थांबते आणि बाप मुलाला बाजूला उभे करून साखळीवर नजर फिरवितो, तेव्हा त्या दोन सहस्रकांचे शहाणपण, कोणत्याही निरीक्षकाच्या शिक्क्यावाचून, त्या घरातही येऊन पोचते.